अपग्रेडनंतर टर्मिनलची हिस्ट्री गेली? आधी उघडी विंडो बंद करू नका

टर्मिनलमध्ये वरचा बाण दाबला की जुनी कमांड समोर येते, या एका सवयीवर कितीतरी छोट्या ऑफिसांचा गाडा चाललेला असतो. बेळगावच्या उद्यमबागेत किंवा मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात उबुंटूचं एक जुनं मशीन असतं. ड्रॉइंगचा बॅकअप तिथून, बिलांच्या डेटाबेसची प्रत तिथून. ते बसवून देणारा मुलगा नोकरीसाठी पुण्याला नाहीतर बेंगळुरूला गेलेला असतो आणि वहीत त्यानं काही लिहून ठेवलेलं नसतं. त्याच्या मागे राहिलेल्यानं रोज संध्याकाळी बाण दोन-चार वेळा दाबायचा, ओळखीची लांबलचक ओळ दिसली की एंटर मारायचा. मग कधीतरी सिस्टीम अपग्रेड होते, दुसऱ्या दिवशी बाण दाबला तर काहीच येत नाही.

अशा वेळी नव्यानं टर्मिनल वापरणाऱ्यानं काय करायचं, ते इथे क्रमानं सांगते. एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की धरा. जुन्या कमांडची यादी, म्हणजे हिस्ट्री, एका फाइलीत असते आणि अपग्रेड ती फाइल सहसा पुसत नाही. शेल, म्हणजे टर्मिनलमध्ये टाइप केलेल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, दुसऱ्याच फाइलीत बघत असतो, किंवा त्याला ती फाइल उघडायची परवानगी नसते, किंवा कुणीतरी ‘अपग्रेड’ म्हणून चक्क फॉरमॅट मारलेला असतो. हिस्ट्री खरोखर जाते ती बहुतेक नंतरच्या घाईत. म्हणून आधी वाचवायचं, मग शोधायचं, दुरुस्ती सगळ्यात शेवटी.

कमांड मी फोनवर सांगते तशाच उच्चारानं लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी अक्षरंच घ्यायची आणि मी मुद्दाम ‘कॅपिटल’ म्हटलेलं नसेल तिथे लहान लिपीत. ‘टिल्डे’ म्हणजे एक आकड्याच्या डावीकडच्या किल्लीवरचं नागमोडी चिन्ह; त्याचा अर्थ ‘माझा होम फोल्डर’, म्हणजे तुमच्या खात्याचा स्वतःचा फोल्डर. ‘डॉट’ म्हणजे साधा पूर्णविरामाचा ठिपका.

पायरी १: जे उघडं आहे ते वाचवा

लिनक्सवरचा नेहमीचा शेल म्हणजे बॅश. तो सुरू होताना हिस्ट्रीची फाइल वाचून मेमरीत घेतो आणि विंडो बंद करताना ती परत लिहितो. मधल्या काळात मारलेल्या कमांड फक्त मेमरीत असतात. त्यामुळे अपग्रेडच्या आधीपासून उघडी असलेली एखादी विंडो अजून शिल्लक असेल, तर तिच्यात जुनी हिस्ट्री जिवंत असण्याची शक्यता मोठी. ती बंद करू नका, मशीनही रीस्टार्ट करू नका. त्या विंडोत ‘हिस्ट्री’ टाइप करून बघा. यादी आली तर लगेच:

हिस्ट्री, स्पेस, ‘पेक्षा मोठं’ चिन्ह, स्पेस, टिल्डे स्लॅश जुनी डॉट टीएक्सटी

झालं, यादी साध्या मजकुराच्या फाइलीत उतरली.

शेल बॅशऐवजी झेड-शेल असेल तर इथे एक गंमत होते. झेड-शेलमध्ये नुसतं ‘हिस्ट्री’ म्हटलं तर तो शेवटच्या १६ कमांडच दाखवतो. नवख्याला वाटतं, बाकीचं सगळं गेलं. गेलेलं काही नसतं. ‘हिस्ट्री’, स्पेस, १ असं टाइप केलं की पहिल्या कमांडपासून सगळी यादी येते. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच इथेच मिटतात.

पायरी २: फाइल आहे का बघा, आणि तिची प्रत काढा

हिस्ट्रीच्या फाइलींची नावं ठिपक्यानं सुरू होतात, म्हणून त्या फोल्डर उघडल्यावर दिसत नाहीत. बॅशची फाइल: डॉट बॅश अंडरस्कोर हिस्ट्री. झेड-शेलची बहुतेक ठिकाणी: डॉट झेड-एस-एच अंडरस्कोर हिस्ट्री. दोन्ही होम फोल्डरमध्येच असतात. टर्मिनलमधून बघायचं तर:

एलएस, स्पेस, डॅश एलए, स्पेस, टिल्डे

माउसनं बघायचं असेल तर उबुंटूच्या फाइल्समध्ये कंट्रोल आणि एच, मॅकच्या फाइंडरमध्ये कमांड, शिफ्ट आणि ठिपका. फाइल दिसली की दोन गोष्टी कागदावर टिपा: आकार आणि शेवटची तारीख. आकार काही केबी असेल तर मजकूर जागेवर आहे. शून्य असेल तर पुढचं शांतपणे वाचा. काही झालं तरी आधी प्रत:

सीपी, स्पेस, डॅश पी, स्पेस, टिल्डे स्लॅश डॉट बॅश अंडरस्कोर हिस्ट्री, स्पेस, टिल्डे स्लॅश बॅशजुनी

‘डॅश पी’मुळे मूळ तारीख आणि परवानग्या प्रतीवरही राहतात, पुढे त्याचाच उपयोग होतो.

ही प्रत मदतीसाठी म्हणून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. डेटाबेसची कमांड मारताना पासवर्ड त्याच ओळीत लिहायची खोड अनेकांना असते आणि तो पासवर्ड हिस्ट्रीत जसाच्या तसा बसलेला असतो. कुणाला दाखवायचंच असेल तर हव्या त्या दोन ओळी कापून पाठवा.

पायरी ३: अपग्रेड झालं की फॉरमॅट, ते विचारा

हे विचारायला संकोच वाटतो, पण विचारा. बाजारात मशीन दुरुस्तीला दिलं की ‘अपग्रेड करून देतो’ याचा अर्थ पुष्कळदा ‘नवीन इन्स्टॉल करून देतो’ असा असतो. त्याआधी तुमचा डेटा काढतात तो डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, फोटो एवढाच. फाइल मॅनेजरमध्ये ‘सगळं निवडा’ केलं तरी न दिसणाऱ्या ठिपक्याच्या फाइली निवडल्या जात नाहीत, म्हणजे हिस्ट्री, शेलची सेटिंग आणि सर्व्हरच्या किल्ल्यांचा डॉट एसएसएच फोल्डर, सगळं मागेच राहतं. देणारा खोटं बोलत नसतो. त्याला दिसलं ते त्यानं उचललं.

म्हणून मशीन देतानाच सांगायचं: ‘होम फोल्डर अख्खा घ्या, लपलेल्या फाइलींसकट.’ आणि मशीन परत आलं असेल, तर जुनी हार्ड डिस्क किंवा त्यांनी काढलेला बॅकअप अजून आहे का, ते त्याच दिवशी विचारा. त्या डिस्कवर नवीन काही लिहिलं गेलं नसेल तोवरच आशा असते.

याच घोळाचा सौम्य प्रकार: सिस्टीम नवी टाकली, होमचं पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा त्याचा वेगळा भाग, तसंच ठेवलं, पण युझरचं नाव बदललं. आधी ‘ऑफिस’ होतं, आता मालकांच्या नावानं नवा युझर. मग हिस्ट्री जुन्या युझरच्या फोल्डरात सुखरूप असते, नव्याला ती दिसत नाही इतकंच. स्लॅश होम या फोल्डरात किती नावं आहेत ते बघा.

पायरी ४: कोणता शेल चालू आहे?

एको, स्पेस, डॉलर शून्य

उत्तरात बॅश येईल नाहीतर झेडएसएच. ‘डॉलर शेल’ विचारू नका. तो तुमच्या खात्याला नेमून दिलेला शेल सांगतो, आत्ता चालू असलेला वेगळा असू शकतो.

मॅकवाल्यांची गोष्ट इथेच उलगडते. २०१९ सालच्या कॅटलिना आवृत्तीपासून ॲपलनं नव्या खात्यांसाठी बॅशच्या जागी झेड-शेल आणला. जुनं खातं आपोआप बदलत नाही, टर्मिनल उघडल्यावर फक्त सूचना येते. ती वाचून अनेकांनी सांगितलेली कमांड मारली आणि शेल बदलून घेतला. झेड-शेल बॅशची फाइल वाचत नाही. दोघांच्या वह्या वेगळ्या. तेव्हा जुनी हिस्ट्री हवी असेल तर बॅशच्या फाइलीतच जायचं. मॅकच्या टर्मिनलमध्ये आणखी एक जागा बघण्यासारखी: डॉट बॅश अंडरस्कोर सेशन्स हा फोल्डर. प्रत्येक विंडोची हिस्ट्री काही दिवस तिथे स्वतंत्र ठेवलेली असते.

जुन्या बॅशच्या कमांड झेड-शेलमध्ये ओढून घेता येतात:

एफसी, स्पेस, डॅश कॅपिटल आर, स्पेस, टिल्डे स्लॅश डॉट बॅश अंडरस्कोर हिस्ट्री

पण नवख्यानं हे मिश्रण करू नये, असं माझं मत आहे. क्रम उलटासुलटा होतो. बॅशनं वेळ नोंदवलेली असेल तर हॅश आणि मोठा आकडा अशा ओळीही कमांड म्हणून आत येतात. त्यापेक्षा जुनी फाइल शोधायला ठेवा. ‘ग्रेप’, स्पेस, आठवणारा एखादा शब्द, स्पेस, फाइलचं नाव. बॅकअपची कमांड हवी असेल तर ‘आरसिंक’ शोधा, दुसऱ्या मशीनवर जायची हवी असेल तर ‘एसएसएच’. दोन मिनिटांत सापडते.

पायरी ५: मालक कोण?

‘अक्का, आत्ता मारलेल्या कमांड येत्यात की ओ, पण विंडो बंद करून उघडली की सगळं गायब!’ असा खानापूरहून फोन आला की मी दुसरं काही विचारत नाही.

‘एलएस, डॅश एल, आणि फाइलचं नाव मार. तिसरा शब्द वाच बघू.’

‘आर… दोनदा ओ… टी.’

‘तुझं नाव नाही ना तिथं?’

‘नाही ओ.’

रूट म्हणजे मशीनचं सर्वाधिकारी खातं, आणि सुडो म्हणजे त्याचे अधिकार देणारी कमांड. अपग्रेड करताना सुडो लावून रूटचा शेल उघडला आणि त्यात होम फोल्डर तुमचाच राहिला, की हिस्ट्रीची फाइल रूटच्या नावावर जाऊ शकते. मग तुमच्या शेलला ती वाचता येत नाही, लिहिताही येत नाही, आणि तो तक्रारही करत नाही. उपाय एका ओळीचा:

सुडो, स्पेस, सी-एच-ओ-डब्ल्यू-एन, स्पेस, तुमचं युझरनेम, कोलन, परत तेच युझरनेम, स्पेस, टिल्डे स्लॅश डॉट बॅश अंडरस्कोर हिस्ट्री

नवी विंडो उघडा. आत मजकूर असेल तर बाण दाबताच येईल.

पायरी ६: ओळी मोजा

डब्ल्यूसी, स्पेस, डॅश एल, स्पेस, फाइलचं नाव

उत्तर नेमकं ५०० आलं तर फाइल छाटली गेली आहे. बॅशला काही सांगितलेलं नसेल तर तो ५०० ओळीच ठेवतो. उबुंटू आपल्या सेटिंगच्या फाइलीत, म्हणजे डॉट बॅशआरसीमध्ये, मेमरीसाठी १००० आणि फाइलीसाठी २००० अशी मर्यादा लिहून देतं. ही सेटिंगची फाइल मोडली, हरवली किंवा एकदा जरी तिच्याशिवाय बॅश उघडला, तर तो आपल्या मनाच्या ५०० वर येतो आणि उघडताक्षणीच फाइल कापतो. नंतर सेटिंग ठीक केली तरी कापलेलं परत येत नाही.

ही एक खरी हानी. इथे बॅकअपच कामाला येतो, आणि त्यातही एक खोच आहे. लिनक्स मिंटवर टाइमशिफ्ट हे बॅकअपचं सॉफ्टवेअर लावलेलं असलं की लोक निर्धास्त असतात. पण टाइमशिफ्ट मुळात सिस्टीमसाठी आहे, युझरचा होम फोल्डर ते आपण सांगितल्याशिवाय घेत नाही. मॅकवर टाइम मशीन हा ॲपलचा बॅकअप चालू असेल तर मात्र लपलेल्या फाइलीही त्यात असतात.

लाइट गेल्यावर होणारा बिघाड

पावसाळ्यात खानापूर, जांबोटीकडे घरून काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. अपग्रेड चालू असताना किंवा संपता संपता लाइट गेली, यूपीएसनं मान टाकली, तर झेड-शेलची फाइल अर्धवट लिहिली जाते. मग विंडो उघडताना ‘करप्ट हिस्ट्री फाइल’ असा संदेश येतो. बिघाड बहुतेक एखाद्या ओळीतच असतो. आधी फाइलीचं नाव बदला:

एमव्ही, स्पेस, टिल्डे स्लॅश डॉट झेडएसएच अंडरस्कोर हिस्ट्री, स्पेस, टिल्डे स्लॅश झेडखराब

मग तिच्यातला वाचता येणारा मजकूर वेगळा काढा:

स्ट्रिंग्ज, स्पेस, टिल्डे स्लॅश झेडखराब, स्पेस, ‘पेक्षा मोठं’ चिन्ह, स्पेस, टिल्डे स्लॅश डॉट झेडएसएच अंडरस्कोर हिस्ट्री

आणि शेवटी एफसी, डॅश कॅपिटल आर, आणि ही नवी डॉट झेडएसएच अंडरस्कोर हिस्ट्री फाइल.

आपल्याकडे यात एक अडचण जास्तीची येते. फोल्डरची नावं मराठीत किंवा कन्नडमध्ये दिलेली असली, तर ‘स्ट्रिंग्ज’ ती अक्षरं गाळून टाकतो, कारण तो साधी इंग्रजी अक्षरंच मजकूर समजतो. ‘पावत्या’ नावाच्या फोल्डरवर चालणारी कमांड अर्धी तुटून येईल. ती तशीच एंटर करू नका. विशेषतः तिच्यात ‘आरएम’ ही फाइली पुसणारी कमांड असेल तर अजिबात नको. झेड-शेल अशी अक्षरं फाइलीत स्वतःच्या पद्धतीनं बदलून लिहितो, म्हणून टेक्स्ट एडिटरमध्ये उघडल्यावर मराठी नावं विस्कटलेली दिसतात. तो बिघाड नव्हे. शेलमधूनच ‘हिस्ट्री १’ मारून बघितलं की ती नीट दिसतात. म्हणूनच झेडखराब ही फाइल पुसायची नाही.

काही मशीनवर सिस्टीमची भाषा कन्नड ठेवलेली असते आणि चूक दाखवणारे संदेशही कन्नडमध्ये येतात. वाचता येत असेल तर प्रश्नच नाही. पण इंटरनेटवर शोधायला इंग्रजी संदेश लागतो. त्यासाठी कमांडच्या आधी कॅपिटलमध्ये एलसी अंडरस्कोर ऑल, बरोबरचं चिन्ह, कॅपिटल सी आणि स्पेस लिहा. त्या एका कमांडपुरता संदेश इंग्रजीत येतो. तेवढ्यापुरती मराठी फाइलनावं आकड्यांच्या जंजाळात दिसतील, घाबरू नका.

विंडोजवर असाल तर

काळ्या चौकटीतला जुना कमांड प्रॉम्प्ट हिस्ट्री फाइलीत ठेवतच नाही. विंडो बंद, हिस्ट्री संपली. अपग्रेडला दोष देऊन उपयोग नाही. विंडो उघडी असेल तर एफ७ दाबून यादी बघता येते.

पॉवरशेल मात्र ठेवतो. जागा: तुमच्या युझरच्या फोल्डरात ॲपडेटा, रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, पॉवरशेल, पीएसरीडलाइन, तिथे कन्सोलहोस्ट अंडरस्कोर हिस्ट्री नावाची टेक्स्ट फाइल. व्हीएस कोड या एडिटरमध्ये पॉवरशेलचं एक्स्टेन्शन वापरत असाल, तर त्याच्या टर्मिनलची हिस्ट्री त्याच फोल्डरात, पण वेगळ्या फाइलीत असते. विंडोजची नवी आवृत्ती टाकल्यानंतर युझरचा फोल्डर नवाच दिसत असेल, तर सी ड्राइव्हवर विंडोज डॉट ओल्ड आहे का बघा; त्यात जुना युझर फोल्डर असतो. विंडोज तो १० दिवसांनी स्वतःहून काढून टाकतं, त्यामुळे ‘पुढच्या आठवड्यात बघू’ करू नका.

डेटाबेस आणि पायथनची हिस्ट्री

मायएसक्यूएल, पायथन यांच्याही अशाच ठिपक्याच्या फाइली असतात. अपग्रेडनंतर त्यात सगळं विचित्र दिसू लागलं, पहिल्या ओळीत हिस्ट्री हा शब्द लहानमोठ्या अक्षरांची सरमिसळ करून लिहिलेला आणि पुढे व्ही-टू, आणि प्रत्येक स्पेसच्या जागी उलटा स्लॅश व ०४०, तर फाइल सडलेली नाही. प्रोग्रामनं टाइप केलेली ओळ सांभाळणारी लायब्ररी बदलली, तिची लिहायची पद्धत अशी आहे. एडिटरमध्ये ०४० चा तो गट स्पेसनं बदला, मजकूर वाचता येतो.

आता पुन्हा होऊ नये म्हणून

डॉट बॅशआरसी एडिटरमध्ये उघडा. हिस्टसाइझ (मेमरीची मर्यादा) आणि हिस्टफाइलसाइझ (फाइलीची मर्यादा), दोन्ही कॅपिटलमध्ये, असलेल्या ओळी शोधा आणि त्याच ओळींतले आकडे वाढवा. १००००० केलं तरी मशीनला भार होत नाही. खाली नव्या ओळी जोडू नका. कारण हिस्टफाइलसाइझला किंमत मिळते त्या क्षणी बॅश फाइल कापतो. वरच्या ओळीनं २००० वर कापलं, मग खालच्या ओळीनं लाख म्हटलं, तर काय उपयोग?

त्याच फाइलीत, अगदी शेवटी, ही ओळ घाला: कॅपिटलमध्ये प्रॉम्प्ट अंडरस्कोर कमांड, बरोबरचं चिन्ह, आणि अवतरणात ‘हिस्ट्री, स्पेस, डॅश ए’. यामुळे प्रत्येक कमांडनंतर ती लगेच फाइलीत जाते, विंडो बंद होण्याची वाट बघत नाही. लाइट गेली तरी जास्तीत जास्त चालू कमांड जाईल. उबुंटूवर ‘हिस्टअपेंड’, म्हणजे फाइलीत आधीच्या मजकुराला पुढे जोडायची सेटिंग, आधीच चालू असतं. लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारावर (डिस्ट्रोवर) ते बघून घ्या, नाहीतर शेवटी बंद केलेली विंडो आधीच्यांचं लिहिलेलं पुसून बसते.

झेड-शेलमध्ये सेव्हहिस्ट ही कॅपिटलमधली सेटिंगच दिलेली नसेल तर फाइलीत काहीच उतरत नाही, हेही तपासा.

कमांडच्या आधी चुकून एक स्पेस पडली तर उबुंटूवर ती हिस्ट्रीत जातच नाही. व्हॉट्सॲपवरून कॉपी केलेल्या कमांडच्या पुढे अशी स्पेस हमखास असते आणि मग ‘काल मारलेली कमांड आज सापडेना’ होतं. पासवर्ड असलेली कमांड मारताना हीच सोय मुद्दाम वापरा.

आणि रोजची ती एक ओळ, जिच्यासाठी ही सगळी धावपळ, ती हिस्ट्रीच्या भरवशावर ठेवू नका. ‘बॅकअप डॉट एसएच’ अशी फाइल करून त्यात ती लिहा, वरच्या ओळीत हॅश देऊन कुठून कुठे प्रत जाते ते मराठीत लिहा, आणि ‘बॅश’, स्पेस, फाइलचं नाव अशी चालवून बघा. चालली की तिची एक प्रत पेन ड्राइव्हवर, एक छापून मशीनच्या शेजारी.